टेक मामाचं न निघालेलं गाणं

आमच्या मामाने पहिल्या फटक्यात आलेला चहा आयुष्यात कधी पूर्ण प्यायला नाही. एक घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, "टेक दोन!" मग मामी त्याच चहात चिमूटभर साखर घालायची, पुन्हा उकळायची आणि तोच कप परत आणायची. तो मात्र मामा मिटक्या मारत संपवायचा. साखर आधीच का घालत नाहीस, असं मी एकदा मामीला विचारलं. ती म्हणाली, "घालून पाह्यली ना बाप्पा. तरी टेक दोनच म्हन्ते."

हे टेक प्रकरण चहापुरतं नव्हतं. भाकरी तव्यावर फाटली की "टेक खराब." मेडशीच्या स्टँडवर एसटी पकडताना पहिली बस भरलेली आली की मामा हात हलवून तिला वाटेला लावायचा आणि म्हणायचा, "थांबू. दुसरा टेक येते मांगून." माझ्या मामेबहिणीला पाहायला तिसरं स्थळ आलं, ते पसंत पडलं, तेव्हा पाहुण्यांसमोरच त्याने मांडीवर थाप मारली, "टेक तीन, ओके!" पाहुणे गोंधळले. त्यांना वाटलं, हा काही देण्याघेण्याचा आकडा असावा. मामाचं खरं नाव उत्तम, पण त्या नावाने त्याला फक्त मतदार यादी ओळखत असे. मेडशीत आणि आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांत तो टेक मामा होता. त्याच्याहून वडील माणसंसुद्धा त्याला मामाच म्हणत.

त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. स्टँडजवळ पत्र्याचं शेड, आत एक बाकडं, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या नळ्या आणि वॉशरांच्या माळा. सोयाबीनवर अळी पडली की दुकानापुढे पंपांची रांग लागायची. मामा पंप उघडण्याआधी तो चालू करून त्याला कान लावायचा. डोळे मिटायचा. बोटं बाकड्यावर हलकेच वाजायची. मग म्हणायचा, "तिसऱ्या ठोक्याले अडखळते. वॉशर गेला." उघडून पाहिलं की वॉशरच गेलेला असायचा. मी रिठदहून सुट्टीत आजोळी गेले की त्या बाकड्यावर बसून हे तासन्‌तास पाहायची. माझे वडील प्राथमिक शिक्षक, घरात सगळं नियमाने. मामाकडे नियम एकच होता: काम होईपर्यंत गिऱ्हाइकाला गोष्ट ऐकावी लागायची.

आणि गोष्टही एकच होती.

ती अशी. मामा विशीत पुण्याला एका कारखान्यात कामाला होता. तिथे वऱ्हाडातल्या कामगारांची एक गायन पार्टी होती, तिच्यात हा ढोलकी वाजवायचा. कामगारांच्या खोल्यांमागे एक रिकामं गोदाम होतं. त्यात चार कॉलेजातली पोरं गिटारी आणि ड्रम घेऊन यायची आणि इंग्रजी गाणी इतक्या जोरात वाजवायची की खोल्यांतली भांडी मांडणीवरून खाली यायची. ते रॉक बँडवाले. बँडचं नाव 'टिन अम्ब्रेला'. मामा त्याचं भाषांतर करून सांगायचा, "म्हंजे पत्र्याची छत्री." म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव पडलं छत्रीवाले. एका चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत मामाची ढोलकी ऐकून छत्रीवाल्यांतला लांब केसांचा गिटारवाला, समीर, गर्दीत घुसला आणि म्हणाला, "भाऊ, तू आमच्या गाण्यात वाजवशील का?"

"मंग गेलो ना मी!" इथे मामा पाना खाली ठेवायचा. "स्टुडिओ. गादीवानी भिंती. समोर काच. काचेमांगं एक मानूस बसेल, थो म्हने, टेक वन! मी म्हनलं, चालू दे. अशी वाजवली, अशी वाजवली का गिटारवाला गिटार सोडून माह्याकडंच पाहून राह्यला!"

"मंग गाणं कुठं हाये मामा?" गिऱ्हाईक ठरल्या वेळी विचारायचं. अर्ध्या तालुक्याला हा संवाद पाठ होता.

"निघालंच नाही ना बाप्पा. पंचेचाळीस मिन्टाची क्यासेट. बाकीचे गाणे बसले, आपलं उरलं. क्यासेट काय रबर हाये, तानली आन् लांबली?"

खरं की खोटं, हे कोणी तपासायला जात नसे. मालेगावच्या एका शेतकऱ्याने मला एकदा सांगितलं होतं, "गोष्ट खोटी असंन तरी काय झालं? पंप तर खरा चालू होते." माझा मात्र विश्वास होता. काचेमागच्या माणसाचा, भिंतींच्या गाद्यांचा तपशील मामा कधीच बदलत नसे, आणि थापा मारणारा माणूस तपशील बदलतो.

दोन गोष्टी मला कळत नसत. एक म्हणजे, इतकी ढोलकी वाजवणारा हा माणूस गावच्या गायन पार्टीत बसत नव्हता. घरी दुपारी एकटाच वाजवायचा, दार लोटून. पेटीवाल्याने शेजारी बसून सूर धरला की दोन मिनिटांत याचं काहीतरी काम निघायचं. कोणी शिकव म्हटलं तर म्हणायचा, "माह्याजवळ शिकवण्यासारखं काही नाही." दुसरी म्हणजे, माझ्या भावाने एकदा गंमत म्हणून मागून येऊन त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, तेव्हा मामा असा दचकला आणि असा संतापला की भाऊ दोन दिवस त्याच्यासमोर गेला नाही. मामाला चिडलेलं आम्ही तेवढं एकदाच पाहिलं.

मी पुढे वाशिमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. ग्रंथपालाला शोधायची खोड असते. दुपारी वाचनालयात शांतता असली की मी फोनवर अधूनमधून त्या छत्रीवाल्यांचं नाव टाकून पाहायची. वर्षानुवर्षं काहीच मिळालं नाही. नुसत्या पावसाळी छत्र्या विकायला यायच्या. आणि मग परवापरवा, म्हणजे तीन वर्षं झाली असतील, एका दुपारी जेवणाचा डबा उघडून बसले असताना ते नाव सापडलं. पत्र्याच्या छत्रीचं चित्र, खाली चार पोरांचा धुरकट फोटो. त्यांचा एकुलता एक अल्बम कुठल्याशा छोट्या कंपनीने नव्याने काढला होता. जुन्या नऊ गाण्यांनंतर एक रेघ, आणि रेघेखाली लिहिलेलं: 'दुर्मीळ आणि अप्रकाशित'. चार गाणी होती. एक कुठल्या तरी कार्यक्रमातलं, दोन अर्धवट. आणि शेवटचं:

'मेडशी (टेक सात)'.

मी इतक्या जोरात ओरडले की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी सगळी मुलं माझ्याकडे पाहू लागली. वाचनालयात शांतता राखा ही पाटी माझ्याच डोक्यावर होती.

गाण्यावर बोट ठेवणार होते, पण वाटलं, पहिल्यांदा ऐकायचा मान मामाचा. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याला फोन लावला. "मामा, तुझं गाणं निघालं! छत्रीवाल्यांनी जुना अल्बम पुन्हा काढला, त्यात राहिलेली गाणी घातली. तुझ्या गाण्याचं नाव काय ठेवलंय माहितीये? मेडशी!"

पलीकडे एक पंप घरघरत होता. तो बंद झाला.

"कितवा टेक हाये?" मामाने विचारलं.

"सातवा."

पलीकडे पाना बाकड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नोको आयकू."

"का रे?"

"नोको म्हनलं ना पोरी. तूही नोको आयकू आन् कोनाले सांगूही नोको. शप्पथ हाये माही." आणि फोन ठेवला.

मी ते गाणं ऐकलं नाही. हे आता सांगायला सोपं आहे, पण तीन दिवस फोन हातात असताना, दुपारी सगळं शांत असताना, ते गाणं न ऐकणं मला फार जड गेलं. चौथ्या दिवशी मामीचा फोन आला. "सुजा, तू काय बोल्ली वं त्याहिले? चहा पहिल्या खेपीले पिऊन राह्यले. मले भेव लागून राह्यलं."

रविवारी सकाळी मी मेडशीला उतरले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि मामा न बोलता काम करत होता. गिऱ्हाइकंही अस्वस्थ होती. एकाने तर स्वतःहून विचारलं, "मामा, मंग त्या काचेमांगच्या मान्सानं काय म्हनलं?" मामा म्हणाला, "काही नाही म्हनलं. हा घे तुहा पंप."

ते गेल्यावर त्याने शेडचं पुढचं दार ओढून घेतलं. मी बाकड्यावर, मामी दाराशी पाटावर. मामाने हात पुसले, पुन्हा पुसले.

"क्यासेटमधी जागा होती," तो म्हणाला.

मामीने पाट पुढे ओढला.

"मी खोटं सांगत होतो. जागा लय होती. मीच पळून आलो." मग तो सांगत गेला, आणि त्याच्या सांगण्यात पहिल्यांदाच हातवारे नव्हते. त्या दिवशी त्याच्या कानांवर हेडफोन घातले. त्यात घड्याळासारखं टिक-टिक वाजत होतं, स्टुडिओवाले त्याला क्लिक म्हणत, आणि त्या टिक-टिकबरोबर वाजवायचं होतं. मामाने जन्मात असं वाजवलं नव्हतं. मिरवणुकीत लोक चालतात तशी त्याची ढोलकी चाले. लोकांना जोर आला की ढोलकीला जोर येई. इथे लोकच नव्हते. पहिल्या टेकला तो पुढे निघून गेला. दुसऱ्याला पुढे गेला. काचेमागचा माणूस दर वेळी म्हणायचा, भाऊ, फास्ट होतंय. सहा टेक असेच गेले. सातव्या टेकला गाणं मध्येच कोलमडलं आणि ती चारही पोरं हसायला लागली.

"खदखदा हासले," मामा म्हणाला. "मी हेडफोन काढून फेकला, ढोलकी उचलली आन् जे निंघालो ते सिधा एसटी स्टँडवर. कारखान्यात राह्यलेला पगारही घ्याले नाही गेलो. घरी येऊन सांगतलं, तिथलं पानी मानवलं नाही." त्याने पुन्हा हात पुसले. "मंग लोकाइले काय सांगू? ढोलकीवाल्याले ताल नाही आला, असं सांगू?"

बाहेर कोणीतरी दुकान बंद आहे का म्हणून दारावर थाप मारली आणि गेलं.

मी म्हणाले, "नको ऐकायला. राहू दे."

तेव्हा मामी उठली. पदर खोचला आणि माझ्यासमोर हात केला. "लाव वं. तीस वर्षं झाले, मी त्या टेक वनचं कौतुक आयकून राह्यली. हा सातवाबी आयकीन. हासतीन तं हासतीन. मी काय त्या हासनाऱ्याइसंग लग्न लावलं का?"

मामा नाही म्हणाला नाही. तो खाली बघत बसला.

मी फोन दुकानातल्या छोट्या स्पीकरला जोडला, गाणं लावलं आणि फोन मामीच्या हातात ठेवला. आधी खरखर. मग एक लांबचा आवाज: 'टेक सेव्हन.' आणि ढोलकी सुरू झाली.

मला संगीतातलं फारसं कळत नाही. पण ती ढोलकी एकटी आठ-दहा ठोके वाजली आणि मी ती ओळखली, ती आमची होती. जयंतीच्या दिवशी मेडशीच्या वेशीतून मिरवणूक वळते तशी ती वळत होती. तिच्यावर गिटार आली, मग ड्रम आला. एक पोरगा इंग्रजीत काही गाऊ लागला, आणि मध्येच 'मेडशी' असा शब्द आला, त्याच्या तोंडी थोडा वाकडा. मामीने तोंडाला पदर लावला. मग ढोलकीला जोर चढला. ती पुढे निघाली. गिटार तिच्यामागे धावली, ड्रम धावला, गाणाऱ्याचे शब्द अर्धे गळून पडले, एकदम काहीतरी धडपडलं आणि सगळं थांबलं. आणि हसू. मामा म्हणाला होता तसंच, खदखदून.

मग एका तरण्या पोराचा आवाज आला. पातळ, दमलेला, आमचा. "मले नाही जमत बाप्पा. तुमी तुमचं वाजवा." काहीतरी आपटलं. आणि धाडकन दार.

मामाने हात पुढे केला, बंद कर म्हणून. पण फोन माझ्या हातात नव्हता, तो मामीच्या हातात होता, आणि तिला बंद करायचं बटण माहीत नव्हतं. टेप चालूच राहिली.

मग कोणीतरी हसू आवरत म्हणालं, "अरे, गेला का तो? भाऊ! ए भाऊ!" दुसरा म्हणाला, "काय वाजवत होता यार! मला पकडताच येईना." आणि मग काचेमागच्या माणसाचा आवाज, मामाच्या डोक्यात तीस वर्षं फास्ट-फास्ट करणारा तोच, स्पीकरमधून जरा घोगरा: "तो फास्ट नव्हता रे. तुम्ही मागे पडत होतात. ते क्लिक बंद करा आणि त्याला बोलवा परत. जा, पळ कोणीतरी." खुर्ची सरकल्याचा आवाज. पळणारे पाय. मग टेप संपली.

शेडमध्ये आम्ही तिघं होतो आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

मामा म्हणाला, "पुन्हा लाव."

मी सुरुवातीपासून लावू लागले, तर म्हणाला, "गाणं नोको. दाराच्या मांगचं लाव." ते त्याने चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी पाय पळू लागले तेव्हा तो मान खाली घालून हसला. "दार मीच जोरात लावलं होतं," तो म्हणाला. "मंग मले आयकू कसं येईन?"

नव्या अल्बमच्या माहितीत त्या गाण्यापुढे लिहिलं होतं, 'ढोलकी: नाव माहीत नाही'. मी त्या कंपनीला पत्र पाठवलं. नाव, गाव, सगळं लिहिलं. आठ दिवसांत थेट समीरचाच फोन आला. मी तेव्हा दुकानातच होते. फोन मामाकडे दिला आणि दोघं बोलताना ऐकत राहिले, कारण मामाने फोन कानाला लावला नव्हता, सगळ्यांना ऐकू येईल असा बाकड्यावर ठेवला होता. पाच-सहा गिऱ्हाइकं पंप घेऊन उभी होती.

"समीरभाऊ," मामाने पहिलं काय विचारावं! "केस हायेत का अजून?"

"नाहीत रे. सगळे गेले."

"मंग कायचा रॉक?"

समीर इतका हसला की बाकड्यावरचा फोन थरथरला. मग म्हणाला, "उत्तम, आम्ही त्या दिवशी तुला शोधायला स्वारगेटला गेलो होतो. दोन तास. प्रत्येक बसमध्ये चढून पाहिलं."

मामा कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "स्वारगेटले कायले गेले बे? वऱ्हाडाची गाडी शिवाजीनगरावरून सुटते!"

"आम्हाला काय माहीत, आम्ही पुण्याचे," समीर म्हणाला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "तुझ्याशिवाय ते गाणं खूपदा करून पाहिलं. जमलंच नाही. म्हणून तसंच ठेवून दिलं."

रांगेतला एक म्हातारा शेतकरी पुढे झाला आणि फोनवर वाकून म्हणाला, "ओ पुण्याचे, आमच्या मामाचं नाव नीट लिहा बरं. मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम." ते त्यांनी लिहिलं. आता कोणीही ते गाणं लावलं की त्याखाली मामाचं नाव येतं. तालुका काही त्यांनी घातला नाही.

त्यानंतर मामाची गोष्ट बदलली. तो खरी सांगू लागला. सहा टेक, हेडफोन, हसू, दार, सगळं. शेवटी फोन काढून दारामागचं वाजवून दाखवायचा. गोष्ट लांबली. आधी ती वॉशर बसेपर्यंत संपायची; आता पंप केव्हाच दुरुस्त होऊन कडेला उभा असायचा आणि मालक हलायचं नाव घेत नसे. लोकांना ही गोष्ट जास्त आवडली. एरंड्याच्या एका बाईने ती ऐकून डोळे पुसले आणि म्हणाली, "मामा, आमीबी असेच बरेच ठिकानाहून पळून आलो असू."

दुसरा बदल जास्त मोठा होता. मामा शिकवू लागला. रविवारी दुपारी विहारासमोरच्या सभामंडपात ढोलकी घेऊन बसायचा आणि येईल त्याला शिकवायचा. आल्या त्या वस्तीतल्या बाया. पुरुषांना वाटलं, आपल्याला येतंच. बायांमध्ये पहिल्या रविवारी सगळ्यात पुढे, चष्मा लावून, मामी बसली होती. मामा तिला म्हणाला, "तू काहून आली?" ती म्हणाली, "घरी एकटी काय करू? टेक दोनचा चहा उकळू?"

मामा मात्रा मोजू द्यायचा नाही. एखादी बोटांवर मोजताना दिसली की तिला उठवायचा आणि सभामंडपाला एक फेरी मारायला लावायचा. "पायाले इचार," म्हणायचा. "ताल घड्याळात नसते, चालन्यात असते." मग त्या चालत यायच्या आणि वाजवायच्या. मी एका रविवारी गेले तेव्हा सात बाया ओळीने सभामंडपाला फेऱ्या मारत होत्या आणि मामा मधोमध बसून टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, दवाखान्याने सांगितलेला व्यायाम चाललाय. मामीचा हात सगळ्यांत कडक होता. आयुष्यभर भाकरी थापलेला हात. चामड्यावर पडला की सभामंडपाचे पत्रे वाजायचे. मामा माझ्याकडे झुकून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "माह्याहून चांगली निंघीन हे. सांगू नोको, चढून जाईन."

गेल्या माघात मामा गेला. दुपारी दुकानात बसल्या बसल्या, कोणाला काही त्रास न देता. पुण्यानुमोदनाला इतकी माणसं आली की मंडप पुरला नाही, आणि निम्म्याजणांच्या ओळखीची सुरुवात एकच होती, "मी एकडाव पंप घेऊन गेल्तो..." समीर पुण्याहून आला होता. टक्कल, काठी, गुडघ्याला पट्टा. तो मामीला काय बोलला मला माहीत नाही. दोघं बराच वेळ शेडमध्ये बसून होती.

मग जयंती आली. मिरवणुकीत ढोलकी कोण वाजवणार, हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, यंदा मी नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या गावाहून वाजवणारा आणायचं ठरलं. मी वाशिमहून संध्याकाळी पोचले तेव्हा मिरवणूक वेशीत उभी होती आणि तो वाजवणारा आला नव्हता. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, फुलांनी सजवलेली गाडी, सगळं तयार, आणि सगळे रस्त्याकडे पाहत उभे.

मामी माझ्याशेजारी होती. मग तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला, घरी गेली आणि ढोलकी गळ्यात अडकवून परत आली. कोणाला काही विचारलं नाही. सरळ पुढे जाऊन उभी राहिली आणि पहिली थाप दिली.

मिरवणूक निघाली. पहिल्या वळणापर्यंत सगळं रीतीने चाललं. मग मामीच्या हाताला जोर चढला. पाय उचलले गेले, मागच्या रांगा पुढच्यांवर आल्या, पोरं उड्या मारू लागली, म्हातारे काठ्या सावरत भराभर निघाले. फुलांच्या गाडीवाल्याला गाडी कशी हाकावी कळेना. मी साडी वर धरून जवळजवळ पळत होते. पेटीवाले आजोबा घामाघूम होऊन मामीपर्यंत पोचले आणि म्हणाले, "वहिनी, जरा हळू! लोक मांगं पडून राह्यले!"

मामीने मानसुद्धा वळवली नाही. "येतीन," ती म्हणाली. आणि वाजवत पुढे गेली.